आकाशगंगेची तबकडी : एका एमएस्सी प्रकल्पाची वही

१ फेब्रुवारी २०२५, शनिवार

विषय ठरला एकदाचा. दोन महिने ‘कृष्णविवर’, ‘कृष्णविवर’ करत फिरले आणि शेवटी हाती आले तांबडे राक्षसी तारे, म्हणजे म्हातारपणी फुगलेले. सूर्याच्या आसपास, म्हणजे आपल्या आकाशगंगेच्या तबकडीत असलेले. त्यांच्यात कुठलं मूलद्रव्य किती आणि ते कोणत्या वेगाने कुठे चाललेत, हे दोन्ही मोजलेलं आहे. आपण फक्त जुळवून बघायचं.

मॅडमनी नॅन्सी रोमन यांच्या १९५० च्या कामापासून सुरुवात करायला सांगितली. सूर्यासारख्या साध्या ताऱ्यांत ज्यांच्या वर्णपटातल्या धातूंच्या रेघा फिक्या असतात, ते जास्त वेगाने पळताना दिसतात, हे त्यांनी तेव्हाच दाखवलं होतं. पंचाहत्तर वर्षं झाली, आणि मी तेच परत करणार, फक्त तारे लाखोंनी जास्त.

निघताना मॅडम म्हणाल्या, “तारे कशाचे बनलेत ते एका वहीत लिही, कसे धावतात ते दुसऱ्या वहीत. आणि मी सांगेपर्यंत दोन्ही वह्या एकत्र करू नकोस.” मान डोलावली. कळलं काही नाही.

येताना महाद्वार रोडला अडकले. अंबाबाईचा किरणोत्सव चालू आहे, संध्याकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. सूर्य वर्षातून दोनदा त्याच ठिकाणी मावळतो म्हणून हा सोहळा. या सूर्याला आकाशगंगेची एक फेरी मारायला साधारण तेवीस कोटी वर्षं लागतात. तो किरणोत्सव बघायला कोण असणार देव जाणे.

९ फेब्रुवारी, रविवार

मामाकडे गेले होते. गुऱ्हाळ जोरात आहे. काहिलीत पाक रटरटत होता, चुलवाणात चिपाडं सारली जात होती, आणि गुळव्या झाऱ्याने मळी काढत होता. पाक झाला की नाही हे बघायला त्याने थेंबभर पाण्यात सोडला, बोटांनी गोळी वळली आणि नुसती मान हलवली. थर्मामीटर नाही, काही नाही.

मामाने एका ढेपेचा खडा दिला. चाखून बघितला, जरा खारट लागला. “नदीकडंच्या खारवट रानातला ऊस हाय त्यो,” मामा म्हणाला. “ढेप मुंबईला जाऊ दे न्हाईतर गुजरातला, जिभंवर ठेवली की रान कळतंय.”

तिथल्या तिथे फोनमध्ये टिपून घेतलं, कारण प्रकल्पाचं पहिलं पान हेच आहे. तारा ज्या ढगातून जन्मतो त्या ढगाची चव त्याच्या बाहेरच्या थरात राहते. राक्षसी होताना आतलं थोडं ढवळून वर येतं, त्यामुळे कार्बन आणि नायट्रोजनवर विसंबता येत नाही. मॅग्नेशियम आणि लोह मात्र जसेच्या तसे राहतात.

आणि या दोघांचीच जोडी का, तर त्यांचे कारखाने वेगळे. मॅग्नेशियम, ऑक्सिजन, सिलिकॉन ही मंडळी अवजड ताऱ्यांच्या पोटात तयार होतात. ते तारे फार जगत नाहीत, तीसेक लाख ते काही कोटी वर्षांत फुटतात आणि माल बाहेर. लोहाचा मोठा वाटा येतो दुसऱ्या प्रकारच्या स्फोटांतून, जोडताऱ्यातला श्वेतबटू, म्हणजे विझलेल्या ताऱ्याचा उरलेला गाभा, फुटला की. त्याला वेळ लागतो, बहुतेकदा शंभर कोटी वर्षांच्या घरात. म्हणून तबकडीत सुरुवातीला झपाट्याने तारे बनले असतील तर त्यांच्यात लोहाच्या मानाने मॅग्नेशियम जास्त. सावकाश, उशिरा बनले असतील तर ते प्रमाण सूर्यासारखं. एका गुणोत्तरात घड्याळ बसवलंय.

गूळ दोन किलो आणला. हॉस्टेलवर पोचेपर्यंत दीड राहिला.

२० फेब्रुवारी, गुरुवार

माहिती दोन ठिकाणची. रसायन ‘अपोजी’ सर्वेक्षणातून, वेग ‘गाया’ यानातून.

अपोजीच्या दोन दुर्बिणी, दोन्ही अडीच मीटरच्या. एक न्यू मेक्सिकोत, दुसरी चिलीत. एका वेळी ३०० तंतूंमधून ३०० वस्तूंचा प्रकाश घेतात, तोही अवरक्तातला, १.५१ ते १.७० मायक्रॉन. तबकडीत धूळ इतकी की साध्या प्रकाशात आतलं काही दिसत नाही. अवरक्त त्यातून वाट काढतो. डीआर-१७ च्या, म्हणजे माहितीच्या सतराव्या खेपेच्या, मुख्य फाइलीत ७,३३,९०१ ओळी आहेत. ओळी, तारे नव्हे. काही तारे दोन-दोनदा आलेत. हे मला फाइल उघडून तीन दिवस झाल्यावर कळलं.

ती फाइल उघडणं हेही एक प्रकरणच. ८ जीबी रॅमच्या लॅपटॉपने दोनदा मान टाकली. तिसऱ्यांदा लाइट गेली. चौथ्यांदा सगळे रकाने न वाचता लागणारे वीसच वाचायला शिकले. हे आधी कुणी का सांगत नाही?

गाळणी लावली : वर्णपट स्वच्छ असलेले, ‘बिघडलेला’ असा शेरा नसलेले, पृष्ठगुरुत्व राक्षसी ताऱ्याला शोभेल असं, आणि गायाचं लंबन (पृथ्वी सूर्याभोवती फिरते म्हणून ताऱ्याचं दिसणारं सरकणं, त्यावरून अंतर निघतं) त्याच्या चुकीच्या दहापट तरी असलेले. निम्म्याहून जास्त गळाले. जीव हळहळला, पण मॅडम म्हणतात खराब ऊस घातला तर गूळ खराबच. (गुऱ्हाळाचं त्यांना मीच सांगितलं होतं. आता रोज ऐकावं लागतंय.)

५ मार्च, बुधवार

आज वेगांची वही. तारा आपल्याकडे येतोय की लांब जातोय हे वर्णपटातल्या रेघांच्या सरकण्यावरून कळतं. आडवा किती सरकतो, ती त्याची निजगती, गाया मोजतं. अंतर लंबनावरून. निजगती गुणिले अंतर गुणिले ४.७४ केलं की सेकंदाला किती किलोमीटर ते मिळतं.

कोड बरोबर चालतंय का बघायला एक ओळखीचा तारा हवा. स्वाती घेतली. इतका तेजस्वी तारा गायाच्या यादीत नाही, त्याचे डोळे दिपतात. म्हणून आकडे जुन्या हिप्पार्कस यानाचे. लंबन ८८.८३ मिलिआर्कसेकंद (आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग, मिलि म्हणजे त्याचा हजारावा), म्हणजे ११.२६ पार्सेक, ३७ प्रकाशवर्षांच्या आत-बाहेर. निजगती वर्षाला जवळजवळ २.२८ आर्कसेकंद. हॅलीने १७१८ मध्ये जुन्या ग्रीक नोंदींशी ताडून ‘तारे जागचे हलतात’ म्हटलं, त्यातली एक ही.

हाताने काढलेला आडवा वेग सेकंदाला १२१.६ किलोमीटर. कोडमधून आला १२०.१.

दीड किलोमीटरचा फरक. दशांशात कुठेतरी गेला असेल. पुढे गेले.

१९ मार्च, बुधवार, रंगपंचमी

बाहेर जाण्यात अर्थ नव्हता, खिडकीसुद्धा लावून घेतली. रसायनाची वही काढली. आडव्या अक्षावर लोहाचं प्रमाण, उभ्यावर मॅग्नेशियम-लोह गुणोत्तर, दोन्ही सूर्याच्या तुलनेत आणि लॉगमध्ये, म्हणजे उणे एक असेल तर सूर्याच्या दहावा हिस्सा.

चित्र उमटलं आणि खरंच दोन पट्टे. वरचा जास्त मॅग्नेशियमचा, खालचा सूर्यासारखा, आणि मध्ये दरी. शोधनिबंधांत हे चित्र पन्नासदा बघितलंय, पण स्वतःच्या लॅपटॉपवर, स्वतः गाळलेल्या ताऱ्यांतून उमटलेलं बघणं निराळं. रूममेटला हाक मारली. ती म्हणाली, “छान आहे, ढग आहेत का?” तिच्या कानात अजून रंग होता.

२५ मार्च, मंगळवार

आज मार खाल्ला. शब्दांचाच, पण खाल्ला.

मी काय केलं होतं : आसपासच्या सरासरी ताऱ्याच्या तुलनेत सेकंदाला ७० किलोमीटरपेक्षा जास्त वेगाचे ते जाड तबकडीचे, कमी वेगाचे ते पातळ तबकडीचे, अशी वाटणी केली. जाड तबकडी ही कल्पना गिलमोर आणि रीड यांची, १९८३ ची. त्यांनी तारे मोजत वर-वर जाताना पाहिलं की एका जाडीत हिशोब बसत नाही, एकात एक दोन तबकड्या धराव्या लागतात. आता पातळ तबकडीची जाडी ३०० पार्सेकच्या आसपास धरतात, जाड तबकडीची ९०० च्या. तर मी दोन ढीग केले, दोन्हींचे वेग मोजले आणि ठसक्यात लिहिलं, ‘जाड तबकडीतले तारे वेगवान असल्याचे आढळले.’

मॅडमनी वाक्याखाली पेन्सिलीने रेघ मारली. “तू चाळणीने मोठे शेंगदाणे वेगळे केलेस. आणि आता मला सांगतेस की चाळणीवरचे शेंगदाणे मोठे असल्याचे आढळले.”

दोन वह्यांचं तेव्हा डोक्यात शिरलं. वेगाने निवडायचं आणि वेगच मोजायचा, हे चालत नाही. निवडायचं रसायनाने, वेगाला हात न लावता. मग वेगांची वही उघडायची. तेव्हा जे निघेल ते निघालेलं असतं, आपण घातलेलं नसतं.

सहा पानं रद्द. फाडली नाहीत, नुसती फुली मारली.

२७ मार्च, गुरुवार

गाया आज कायमचं बंद केलं. डिसेंबर २०१३ मध्ये उडालेलं, जानेवारीत त्याचं मोजणं थांबलं होतंच, आज जर्मनीतल्या नियंत्रण केंद्राने एकेक यंत्रणा बंद करून त्याला सूर्याभोवतीच्या कक्षेत सोडून दिलं. चुकून परत जागं होऊ नये म्हणून त्याचं सॉफ्टवेअरही मुद्दाम बिघडवलं म्हणे. मेसवर ही बातमी मी ज्या आवाजात सांगितली त्यावरून दोघींना घरचं कुणीतरी गेलं असं वाटलं.

त्याने जमवलेल्यातलं अजून बरंच बाहेर यायचंय. डीआर-४ पुढच्या वर्षी डिसेंबरमध्ये. माझा प्रकल्प मात्र मे महिन्यात संपायचाय.

१२ एप्रिल, शनिवार, चैत्र पौर्णिमा

ज्योतिबाची यात्रा. पंचगंगेवरून सासनकाठ्या चालल्यात, पहाटेपासून चांगभलं कानावर येतंय, गुलाल इथवर उडून आलाय. रिक्षा नाहीत, लॅबला जाणं नाही. खोलीत बसून एकच गोष्ट तपासली : खालच्या पट्ट्यातल्या ताऱ्यांच्या वेगांचा फैलाव आकाशाच्या कुठल्याही दिशेला साधारण सारखा यायला हवा. निदान उत्तर ध्रुवाकडे गेलं म्हणून तारे मंद व्हायचं काही कारण नाही.

माझे होत होते. जितके ध्रुवाजवळ तितके सुस्त. पूर्व-पश्चिम दिशेत तर जवळपास थिजलेले.

दुपारी एकला सापडलं. विषुवांशातली, म्हणजे पूर्व-पश्चिम, निजगती खऱ्या अंतरात आणायची तर क्रांतीच्या (तारा आकाशातल्या विषुववृत्तापासून किती अंश उत्तरेला-दक्षिणेला, त्याच्या) कोसाइनने गुणावं लागतं, कारण ध्रुवाकडे रेखावृत्तं जवळ-जवळ येतात. बीएस्सीला शिकलेलं, घोटलेलं. पण गायाच्या रकान्यात तो गुणाकार आधीच केलेला असतो. माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलंय. मी तो पुन्हा केला होता. ८० अंश क्रांतीच्या ताऱ्याची ती निजगती सहाव्या हिश्श्यावर आली होती.

आणि मग आठवली स्वाती. ते १२०.१. तिची क्रांती १९ अंश, कोसाइन ०.९४, शिवाय तिचं सरकणं बरंचसं उत्तर-दक्षिण. त्यामुळे एवढी मोठी चूक तिच्यात दीड किलोमीटरएवढीच दिसली. एक गुणाकार काढून टाकला : १२१.६. पाच मार्चलाच हा आकडा कानाशी येऊन ओरडत होता आणि मी त्याला दशांश म्हटलं.

संध्याकाळी खाली उतरून यात्रेकरूंसाठी चाललेल्या अन्नछत्रात वाढायला उभी राहिले. तासभर नुसती आमटी वाढली. बरं वाटलं.

१९ एप्रिल, शनिवार

आता खरी गंमत. ही नोंद लांबणार.

रसायनाने वाटलेले दोन ढीग, दुरुस्त केलेले वेग. पहिली गोष्ट अपेक्षेप्रमाणे. वरच्या पट्ट्यातले, म्हणजे जास्त मॅग्नेशियमचे तारे आकाशगंगेभोवती फिरताना खालच्यांपेक्षा सेकंदाला चाळीस-पन्नास किलोमीटरने मागे पडतात, आणि वर-खाली होण्याच्या त्यांच्या वेगाचा फैलाव जवळजवळ दुप्पट. आता हे चाळणीतून आलेलं नाही. वेगाकडे न बघता निवडले आणि तरी वेग वेगळा निघाला.

मग सहज म्हणून सगळे तारे एकत्र घेऊन लोह विरुद्ध फिरण्याचा वेग असं चित्र काढलं. आधी थोडी चढून मग आडवी पडलेली एक रेघ. त्यावर एक परिच्छेदही लिहिता आला नसता. मग तेच चित्र दोन पट्ट्यांसाठी वेगवेगळं काढलं. खालच्या पट्ट्यात लोह वाढेल तसा फिरण्याचा वेग उतरतो. वरच्या पट्ट्यात लोह वाढेल तसा चढतो. दोन उलटे ढाळ! एकत्र मिसळले की एकमेकांना खाऊन टाकतात. शोधनिबंधांत हे माहीत असलेलं आहे, मी काही शोध लावला नाही, पण मला ते कुणी आधी सांगितलं नव्हतं आणि वाचतानाही डोळ्यांखालून निसटलं होतं. दहा मिनिटं नुसती खुर्चीत बसून राहिले.

खालच्या पट्ट्याचं कारण मला वहीत नीट उतरवायचंय, कारण तोंडी परीक्षेत हमखास विचारणार. तबकडीत आतल्या बाजूला लोह जास्त, बाहेर जावं तसं कमी होत जातं. हजार पार्सेकमागे ०.०६ डेक्सच्या (लॉगमधल्या एककाच्या) आसपास. आता ताऱ्यांच्या कक्षा काही अगदी गोल नसतात. आत जन्मलेला, लोहाने श्रीमंत तारा आपल्या अंतरावर भेटतो तेव्हा तो त्याच्या कक्षेच्या लांबच्या टोकाला आलेला असतो. लांबच्या टोकाला तारा मंद असतो, कारण त्याचा कोनीय संवेग, म्हणजे अंतर गुणिले फिरण्याचा वेग, ठरलेला. अंतर वाढलं की फिरण्याचा वेग घटणारच. उलट बाहेरचा, लोहाने गरीब तारा इथे येतो तेव्हा तो कक्षेच्या जवळच्या टोकाला असतो, म्हणून घाईत. लोहामुळे तारा मंद होत नाही. लोह फक्त तो कुठल्या गावचा ते सांगतं, आणि पाहुणा लांबून येऊन टेकलाय की जाता-जाता डोकावतोय त्यावर त्याचा वेग ठरतो.

वरच्या पट्ट्याचं कारण इतकं सरळ नाही. ती तबकडी सुरुवातीला गढूळ, खळबळलेल्या वायूतून घडली आणि वायू स्थिरावत गेला तसतसं लोह वाढलं, म्हणून नंतरचे तारे शिस्तीत आणि वेगाने फिरतात, असं एक मत. सुमारे हजार कोटी वर्षांपूर्वी एक लहान दीर्घिका आपल्यात येऊन मिसळली, २०१८ मध्ये गायाच्या माहितीतून तिचा माग लागला. तिने आधीच्या ताऱ्यांना ढवळलं, असंही. मॅडम म्हणाल्या दोन्ही लिही, आणि कुठलं पटतं ते लिहू नकोस. मला पहिलं पटतं. वहीत लिहायला काय हरकत आहे.

२८ एप्रिल, सोमवार

लॅबच्या जुन्या पीसीवर तोच कोड चालवला तर फिरण्याचे सगळे वेग १३ किलोमीटरने वेगळे. हबकले. नंतर कळलं, अॅस्ट्रोपाय या खगोलाच्या तयार कोड-संग्रहाच्या जुन्या आवृत्तीत सूर्याचा फिरण्याचा वेग २३२.२४ धरलेला, नव्यात २४५.६. ढाळ बदलत नाहीत, पूर्ण चित्र वर-खाली सरकतं एवढंच. आता सूर्याचे आकडे कोडच्या पहिल्या ओळीतच टाकलेत. लंबनातली ०.०१७ मिलिआर्कसेकंदाची दुरुस्तीही तिथेच. लहान वाटते, पण तीन हजार पार्सेकवरचा तारा तिच्यामुळे पाच टक्के जवळ येतो.

६ मे, मंगळवार

रात्री बाराच्या सुमारास गच्चीवर. वळवाने दुपारी आभाळ धुऊन काढलं होतं. स्वाती जवळपास डोक्यावर, नारिंगी. कोल्हापूरचा अक्षांश १६.७, तिची क्रांती १९.२, त्यामुळे मान पूर्ण मागे टाकली की नाकाच्या शेंड्यावरून दिसते. आई फोनवर होती. स्वाती म्हटल्याबरोबर तिकडून ‘पडतील स्वाती तर पिकतील मोती’ सुरू झालं. म्हटलं आई, ते ऑक्टोबरात.

तिचा पूर्ण हिशोब आज लावला. सूर्याच्या तुलनेत ती फेरीत सेकंदाला ११९ किलोमीटरने मागे. लोह सूर्याच्या तीस टक्के, पण लोहाच्या मानाने मॅग्नेशियम दुपटीहून जास्त. म्हणजे रसायनाने ती वरच्या पट्ट्यातली, लोक जिला जाड तबकडी म्हणतात तिथली. आता वर-खालीचा वेग : सूर्याची स्वतःची चाल वजा केल्यावर सेकंदाला जेमतेम ४ किलोमीटर.

चार. एवढ्या वेगाने ती तबकडीच्या मध्यापासून फार तर साठ-सत्तर पार्सेक वर जाईल. पातळ तबकडीसुद्धा याहून जाड आहे. म्हणजे जाड तबकडीतली म्हणून नावाजलेली स्वाती आयुष्यभर पातळ तबकडीच्या आतल्या आत फिरतेय. नुसत्या उंचीवरून वाटणी केली असती तर ती चुकीच्या ढिगात पडली असती, आणि मला कळलंही नसतं. प्रबंधाच्या शीर्षकातून ‘जाड’ आणि ‘पातळ’ काढून ‘जास्त मॅग्नेशियमचा’ आणि ‘कमी मॅग्नेशियमचा’ असं केलं. लांबलचक झालं, शोभत नाही, पण खोटं नाही.

२० मे, मंगळवार

सकाळी नारळीकर सर गेल्याचं कळलं. पुण्यात. जन्म मात्र इथला, कोल्हापूरचा, १९३८ चा. विभागात सगळ्यांचे चेहरे उतरलेले होते. मॅडम काही बोलल्या नाहीत, दार लोटून बसल्या.

दुपारी प्रस्तावना पुन्हा उघडली. त्यात १९५७ च्या निबंधाचा उल्लेख आहेच, ताऱ्यांच्या पोटात मूलद्रव्यं कशी शिजतात ते मांडणारा. बर्बिज पती-पत्नी, फाउलर आणि हॉयल. हॉयल हे केंब्रिजला नारळीकरांचे मार्गदर्शक. वाक्य तेच ठेवलं, काही वाढवलं नाही. वाढवलं असतं तर ते विषयाला धरून नसतं, हे सरांनीच सांगितलं असतं असं वाटलं.

२६ मे, सोमवार

पाऊस थांबायचं नाव घेत नाही. तीन प्रती बाइंडिंगला दिल्या, दुकानदाराने प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळून परत दिल्या.

खोलीत येऊन चाळताना दिसलं, पान ३१, दोन उलट्या ढाळांचं चित्र, ज्याच्यासाठी हे सगळं केलं, त्याच्या उभ्या अक्षावर एककच नाही. नुसता ‘वेग’. रूममेटचं बारीक टोकाचं काळं पेन घेऊन तिन्ही प्रतींत हाताने लिहिलं : किलोमीटर प्रतिसेकंद. तिसऱ्या प्रतीत शाई थोडी पसरली आहे. ती माझ्याकडे ठेवणार.